गाडीला ताजं पाणी

आमच्याकडं थंडी ती काय हो? पहाटे घोटभर. घणसोली गावात जानेवारी लागला की म्हातारे कानटोप्या घालून ओट्यावर बसतात आणि एकमेकांना सांगतात, यंदा कडाका आहे. नऊ वाजता ऊन गल्लीत उतरलं की कानटोपी खिशात आणि दुपारी पंखा चालू. मी साठी ओलांडली, पण घरात दोन चादरी एकावर एक घेतल्याचं मला आठवत नाही. हे आधी सांगते, कारण आमच्या घरी जे झालं ते थंडी ठाऊक नसलेल्या माणसांच्याच हातून होतं.

आमच्या ह्यांनी जन्मभर मासळीचा टेम्पो चालवला. पहाटे धक्क्यावर जायचं, माल भरायचा, वर बर्फाचा भुगा, आणि घणसोली, तळवली, रबाळे करत वाटत यायचं. टेम्पो जुना, रस्ता तापलेला, इंजिन सारखं उकळायचं. त्यामुळं ह्यांच्या सीटमागं पाण्याचा कॅन कायम. बॉनेट उघडायचं, फडक्यानं झाकण फिरवायचं, वाफ गेली की पाणी ओतायचं. लांबच्या फेरीआधी तर सगळं जुनं पाणी काढून ताजं भरायचे. म्हणायचे, "गाडी म्हंजे जनावर. आपन शिळं पानी पितो का? मग तिला कशाला?" आमच्या आळीत ज्याच्या त्याच्या गाडीला ह्यांचा हात लागलेला. गाडी नुसती चालू करून दाखवली की हे डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, अमुक सैल झालंय. आणि ते निघायचंही तसंच. म्हणून ह्यांना कुणी उलटं विचारत नसे. मीसुद्धा नाही.

मुलगाही गाडीवरच गेला. आधी कंपन्यांची माणसं ने-आण करायचा. मग कुणाबरोबर तरी एकदा हिमाचलात जाऊन आला आणि वेडाच झाला. स्वतःची डिझेल गाडी घेतली. उन्हाळ्यात लोकांना डोंगर दाखवायचा आणि हिवाळ्यात घरी असायचा. गेल्या वर्षी म्हणाला, आई, आता हिवाळ्यातपण जाणार, स्पितीत. बर्फातला बिबट्या बघायला पैसेवाले लोक येतात.

मी म्हटलं, "बिबट्या बघायला एवढं लांब? येऊरच्या जंगलात कमी आहेत का?"

"येऊरचा बिबट्या कुत्री खातो, आई. हा वेगळा."

"मग काय हा वरणभात खातो?"

हसला आणि निघायची तयारी केली. गावदेवीला नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. निघायच्या दिवशी उजाडता उजाडता हे बादली घेऊन गाडीपाशी वाकलेले मी खिडकीतून बघितलं. मला काय, बॉनेट उघडं आणि हे वाकलेले, हे चित्र मी लग्न झाल्यापासून बघत आले. मुलगा अजून झोपलेला होता. चहा झाला, गाडी गेली.

पुढं पंधरवडाभर फोटो येत होते. खालच्या बाजारात मुक्काम, तिथून वरच्या गावांना फेऱ्या. सून मला मोबाईलवर दाखवायची. आमची सून साताऱ्याकडची, बँकेत कामाला, बोलायला चोख. त्या दिवशी तिला सुट्टी होती. मी मोरीपाशी करंदी, ती बारीक कोळंबी, सोलत बसले होते आणि फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला.

"आई, घाबरू नकोस. बाबाला दे."

घाबरू नकोस म्हटल्यावर कुठली आई घाबरत नाही? मी करंदीचे हात तसेच लुगड्याला पुसले.

त्यानं सांगितलं ते असं. आदल्या दिवशी पाहुण्यांना वरच्या गावात सोडून तो एकटाच खाली यायला निघाला होता. वाटेत बर्फ सुरू झाला. पुढं डोंगरावरून बर्फाचा ढीग घसरून रस्ता बंद. मागं वळायला जागा नाही. एका वळणावर फोनला रेंज होती, तिथं गाडी लावली आणि इंजिन बंद केलं, कारण काचा लावून चालू ठेवलं तर धूर आत येतो. पांघरायच्या पिशवीत शिरून रात्र काढली. आणि आता सकाळी गाडी चालू होत नाही. गाडी चालू झाली तर हीटर. नाही झाली तर काहीच नाही.

"पाय बरे आहेत ना?" मी विचारलं.

"पाय आहेत," म्हणाला. एवढंच.

हे आतून आले. फोन हातात घेतला आणि आळीतल्या कुणाची गाडी तपासायला बसल्यासारखे झाले. "आवाज ऐकव."

त्यानं चावी फिरवली. घर्र, घर्र, आणि गप्प. ह्यांनी डोळे मिटले. "डिझेल जाड झालं असंल. कुठलं भरलंस?"

"इथलंच, बाबा. इथल्या पंपावर थंडीचं वेगळं मिळतं."

"तरी जाड झालं असंल. चहाचा स्टो हाय ना? फिल्टरच्या खाली धर. लांबून. पायपाला लागू देऊ नको. कापूर कसा लांबून फिरवतो, तसा."

"बाबा, बोटं वळत नाहीत."

"काखेत घाल. मग धर."

तो धरत बसला आणि आम्ही इकडं फोन मांडीवर ठेवून बसलो. फोन बंद करून ठेव, बॅटरी जपून वापर, असं सुनेनं त्याला सांगून ठेवलं होतं. मी काय करावं? मी उठले आणि पंखा बंद केला. तो तिकडं काकडतोय आणि आपल्या अंगावर वारा, मला ते बघवेना. सून म्हणाली, "आई, पंखा बंद करून तिकडं ऊब जाणार आहे का वो?" मी म्हटलं, "नाही जाणार. पण राहू दे बंद." तिनं परत लावला नाही.

मग तिनं दुसऱ्या फोनवरून तिकडच्या पोलिसांना लावला. कितीतरी वेळ लागेना, लागला तेव्हा हिंदीत सगळं सांगितलं. तिकडचा माणूस चांगला होता. म्हणाला, रस्ता खालून बंद, वरून बंद. बर्फ काढायचं मशीन आज येणार नाही, उद्याही नक्की नाही. दुपारनंतर परत बर्फ पडायचा आहे. मागचं गाव चालत जाण्याएवढं जवळ आहे ना? मग आत्ता निघायला सांगा, वारा सुटायच्या आत. गाडी चालू नसेल तर आजची रात्र गाडीत काढायची नाही. एक रात्र निघाली म्हणून दुसरी निघते असं नसतं, बहनजी.

सूनबाईनं ते मला शब्दन् शब्द सांगितलं आणि मग खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

मुलाचा परत फोन आला. मी आधी तेच सांगितलं. गाडी सोड आणि चालायला लाग.

"आई, तुला कळत नाही. एकदा चालू झाली की काच जरा उघडी ठेवून, मधून मधून हीटर लावून दोन दिवस बसेन. डिझेल भरपूर आहे. बाबाला दे. बाबा म्हणाला होईल, तर होईल."

बघा. एवढा मोठा झालेला मुलगा, तिथल्या डोंगराचं सगळं माहीत असलेला, पण गाडीचं म्हटलं की बाबा म्हणेल ते. मला तेव्हा पहिल्यांदा त्या विश्वासाचा राग आला.

ह्यांनी फोन कानाला लावला. त्यानं चावी फिरवली. या वेळी इंजिन जरा फिरलं, आणि त्यातून असा काही आवाज आला की मलाही लांबून ऐकू आला. डुकराला धरल्यावर ओरडतं ना, तसा. मग बंद.

ह्यांचा चेहरा बदलला. मी बघत होते म्हणून सांगते.

"पट्टा ओरडतोय, पान्याचा पंप अडकलाय," हे म्हणाले. आवाज खाली गेला होता. "वरचा होज दाब. रबराचा जाडा पाईप, रेडिएटरला जातो तो. हातानं दाब."

थोड्या वेळानं: "दाबला जात नाही, बाबा. दगड झालाय."

"जरासुद्धा?"

"नाही ना. लाकूड आहे नुसतं. पण पाणी गोठायचं कारण नाही, आत कूलंट आहे. शोरूमचंच आहे, मी हातसुद्धा लावला नाही. ते गोठत नाही. मग काय असेल? बाबा? हॅलो?"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या दाराकडं गेले.

मी मुलाला म्हटलं, थांब हां, बाबा बघतात. आणि फोन सुनेकडं देऊन मागं गेले. हे कपडे धुवायच्या दगडावर बसले होते. मला वाटलं छातीत दुखतंय.

"काय होतंय?"

"मी पानी बदललं गो."

"कसलं पाणी?"

"तो जायच्या दिवशी. झाकन काढलं तर आत सगळं हिरवं. शेवाळल्यावानी, चिकट. म्हटलं पोरगा एवढ्या लांब जातो, गाडीत सडकं पानी घेऊन. काढून टाकलं. आपल्या हिरीचं भरलं."

मला एक मिनिट कळलंच नाही. मग कळलं. तो हिरवा रंग शेवाळाचा नव्हता. ते पाणी गोठू नये म्हणून घातलेलं औषध होतं.

आणि हा माणूस तीस वर्षं बर्फात हात घालून मासळी विकत होता! बर्फाची लादी कशी फोडायची, किती टिकते, भुगा किती टाकायचा, सगळं ह्यांना पाठ. पण आमच्यासाठी बर्फ कारखान्यात होतो. गोणपाटात बांधून आणायचा. तो आपला आपण, रस्त्यावर उभ्या गाडीच्या पोटात होतो, हे ह्यांच्या डोक्यात कुठून येणार? मला आज हे समजतं. तेव्हा नाही समजलं. तेव्हा मी म्हटलं, "फ्रीजरात पाण्याची बाटली विसरली की काय होतं, बघितलं नाही कधी?"

"फुटते."

"मग?"

"मग काय? इंजिन फुटलं असंल. आता सांगून काय होनार?"

"अहो, तो चालू व्हायची वाट बघत बसलाय! तुम्ही सांगितल्याशिवाय तो उठायचा नाही. दुपार होत आली."

हे दगडावरचा साबण नखानं खरवडत राहिले. "त्याला काय वाटंल?"

"जगला तर वाटेल ना!"

मी ओरडले. आमच्या घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. सून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आली, ह्यांच्या समोर उकिडवी बसली आणि फोन पुढं धरला. रागाचा एक शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, सांगा त्यांना."

ह्यांनी फोन घेतला नाही. तिच्याच हातात राहू दिला आणि त्याच्याकडं तोंड केलं.

"आरं ऐक. ती गाडी नाय होनार चालू."

"होईल, बाबा. मी अजून एकदा स्टोव्ह..."

"नाय होनार. आत पानी हाय. साधं. मी बदललेलं."

"कुठलं पाणी? काय बोलतोस?"

"तुझं तें हिरवं. सडलंय वाटलं मला. काढून हिरीचं घातलं. तू जायच्या दिवशी."

तिकडून नुसता वारा. मला वाटलं रेंज गेली.

"सगळं काढलंस?"

"रेडिएटरचं. इंजिनात थोडं तुझं राहिलं असंल."

"म्हणून खालच्या बाजारात चालत होती इतके दिवस," तो हळू बोलला, जसं स्वतःशीच. आणि मग भडकला. "बाबा, तू येडा आहेस का? विचारायचं तरी!"

"तू निजला व्हतास."

"मग उठवायचं ना! उठवायचं! मी इथं सकाळपासून बोटं जाळतोय त्या स्टोव्हवर, आणि तू..." पुढं त्यानं बापाला जे म्हटलं ते मी लिहीत नाही. बाप ऐकून घेत होता. मान खाली, पण हलला नाही. मग म्हणाला, "शिव्या चालता चालता दे. आता पिशवी पाठीवर घे आनि नीघ. गाडीकडं बगू नको. ती गेली. मेलं जनावर सोडून देतात, तशी सोड."

तिकडं दार उघडल्याचा आवाज आला. वारा एकदम मोठा झाला. सून ओरडून सांगत होती, मागं फिरा, आपल्याच चाकांच्या खुणांवरून जा, कुठं बसू नका. मी म्हटलं दोन मोजे घाल. तो म्हणाला, "आई, सकाळपासून पाय जाणवतच नाहीत मला." आणि फोन बंद केला. बॅटरी वाचवायची म्हणून बंद केला, की रागानं, माहीत नाही.

मग दुपार.

त्या दुपारबद्दल काय लिहू? करंदी मोरीत तशीच पडली, मांजरानं नेली, कुणी हाकललं नाही. भात शिजवला, कुणी वाढला नाही. ऊन अंगणात असं पडलं होतं की लादीवर पाय ठेवला तर चटका बसावा. मी मुद्दाम अनवाणी उभी राहिले. मला वाटलं, देवा, यातलं एवढंसं तिकडं दे. आमच्या लादीचं. कुणाला कमी पडणार नाही.

सून सतत फोन लावत होती. बंद. वरच्या गावात ज्या घरी पाहुणे उतरले होते तिथं लावला, तोही बंद. पोलीसवाला म्हणाला, लाईट गेली की तिथला टॉवर बंद पडतो. बर्फात तारा तुटतात, लाईट आली की लागेल. म्हणजे तो पोचला तरी आम्हाला कळणार नव्हतं. आणि नाही पोचला तरीही.

मध्येच सून म्हणाली, "गाडीला नारळ फोडता, लिंबं ठेवता. गाडीसोबत एवढं जाड पुस्तक येतं, ते एकदा उघडून नाही बघत कोणी."

मला झोंबलं. म्हटलं, "तुमच्या साताऱ्यात फार बर्फ पडतो वाटतं!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिलो, आणि ती रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. तिचं अंग घामानं भिजलं होतं. म्हटलं, लाव गं पंखा, लाव. तर तीच म्हणाली, "नको, आई."

हे गल्लीत उभे होते. घरात यायला तयार नव्हते. ऊन कलल्यावर शेजारचा म्हातारा कानटोपी घालून दुकानाकडं निघालेला, ह्यांना म्हणाला, "काय रं, थंडी वाढली हां." हे त्याच्याकडं असे बघायला लागले की तो बिचारा न थांबता पुढं गेला. मी ह्यांना आत बोलवायला गेले तर म्हणाले, "गो, मला वाटलेलं मी चांगलं करतोय."

"माहीत आहे मला."

"त्याला कळंल का?"

मला तेव्हा ह्यांचं काही पडलं नव्हतं, खरं सांगते. मला फक्त तो हवा होता. मनात मी हिशेब करत होते, आता तो अमुक वळणावर असेल, आता चढ लागला असेल. मी तो रस्ता कधी बघितला नाही. माझ्या डोळ्यांपुढं आपली पारसिकची टेकडी येत होती आणि तिच्यावर मी मीठ ओतत होते, पांढरं दिसावं म्हणून.

दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी नंबर. सूनबाई नंबरच वाचत राहिली, मीच हिरवं बटण दाबलं.

बाईचा आवाज. हिंदी, पण वेगळ्या वळणाची. "माताजी? आपका लड़का यहाँ है. पहुँच गया. लाइट अभी आई."

मी फोन स्पीकरवर टाकला. सून विचारत होती, कसे आहेत, बोलतात का, देता का. बाई म्हणाली, बोलेगा, अभी चूल्हे के पास जाने का ज़िद कर रहा है, हम जाने नहीं दे रहे. गावातल्या दोघांनी शेवटच्या चढावर त्याला बसलेला बघितला होता आणि उचलून आणला होता. बसू नका सांगितलं होतं, तरी बसलाच होता. अजून थोडा वेळ बसला असता तर, हे त्या बाईनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग तो फोनवर आला. दात वाजत होते. "आई. आलो मी."

"पाय?"

"उजव्याची तीन बोटं पांढरी पडलीत. मेणासारखी. ही म्हणते चूल नको, कोमट पाण्यात ठेव. मला आग पाहिजे, आई. बाबा कुठाय?"

हे दारात येऊन उभे होते. फोन स्पीकरवरच होता.

"बाबा, ऐकतोयस ना? पाणी म्हणते ती. ठेवू का? की शेकू?"

दुपारी बापाला शिव्या दिल्या, आणि पोचल्यावर विचारलं ते परत बापालाच. ह्यांनी तोंड उघडलं. माझा जीव वर आला, की आता हे काहीतरी सांगणार. तापलेल्या विटेनं शेक, तेल लाव, काहीतरी आपल्याकडचं.

"मला नको विचारू," हे म्हणाले. "मला त्यातलं काय कळत नाय. ती बाय सांगंल तसं कर."

पाण्याचा आवाज आला. आणि मग तो ओरडायला लागला. पाय मेले होते ते जागे होताना काय दुखतं, मला माहीत नव्हतं. लहानपणी पडला-झडला तरी न रडणारा माझा मुलगा गुरासारखा ओरडत होता. सूनबाईनं कान झाकले. मी फोनवर ओरडले, काय करताय हो त्याला, काढा पाय बाहेर!

"रोने दो, माताजी," बाई शांतपणे म्हणाली. "चिल्ला रहा है तो पैर बचेगा. चुप रहता तो हम डरते."

मग आम्ही तिघं लादीवर फोनभोवती बसलो आणि त्याचं ओरडणं ऐकत राहिलो. मधे जरा थांबलं की हे फोनवर वाकायचे, कान अगदी जवळ न्यायचे. परत किंकाळी आली की ह्यांचा श्वास सुटायचा.